माया गजभियेची टाकी

पाणीपुरवठा एक दिवस बंद राहणार, अशी बातमी पेपरात आली की आमच्या गल्लीचं डोकं फिरतं. ड्रम, बादल्या, कुकर, लग्नात आलेले स्टीलचे डबे, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. नागपूरच्या इंदोऱ्यातली ही गल्ली मी चाळीस वर्षं पाहतोय. शटडाऊनच्या आदल्या दिवशी इथं कोणी कोणाशी धड बोलत नाही. एकच बाई अशी, जी त्या आठवड्यात आपली टाकी मुद्दाम संपवत आणते, खराट्याने घासते, कोरडी करते आणि घरी पाहुणे येणार असल्यासारखी खुशीत फिरते. ती माया गजभिये.

नवीन भाडेकरूंना वाटतं, बाई डोक्यानं कमी आहे. मी त्यांना समजावायला जात नाही. माझं वय झालं, आणि तसाही मूर्खांना समजावण्याचा मला कंटाळा आहे.

टाकी तिच्या अंगणात जमिनीखाली आहे. आठ फूट लांब, सहा रुंद, सहा खोल. मिल बंद पडल्यावर तिच्या वडिलांनी रिकाम्या हातांना काम म्हणून ती स्वतः खोदली आणि आतून सिमेंट असं घोटलं की बोट फिरवलं तर घसरावं. माया तेव्हा बारा वर्षांची. टाकी धुवायला आत उतरली की गुणगुणायची, आणि गुणगुणणं थांबल्यावरही आवाज दोन-तीन सेकंद आत फिरत राहायचा. पुढे तिने घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकला, तेव्हा तिला पहिली आठवण झाली ती या टाकीची.

काम असं चालतं. गाणं पुढच्या खोलीत रेकॉर्ड होतं. तिथं भिंतींना जुन्या गाद्या आणि सतरंज्या ठोकल्या आहेत, त्यामुळे आवाज अगदी कोरडा येतो. मग तोच कोरडा आवाज टाकीत उतरवलेल्या स्पीकरवर वाजवायचा. तो सिमेंटवर आपटत, फिरत, विरत जातो आणि दुसऱ्या कोपऱ्यातला माइक ते सगळं टिपतो. ते मूळ आवाजाखाली थोडंसं मिसळलं की गाण्याला अंग येतं. यासाठी टाकी रिकामी हवी, आणि नागपुरात चांगलं पाणी नालीत सोडायची हिंमत मायाची पण नाही. शटडाऊनच्या आठवड्यात ती वापरून वापरून टाकी संपवते, आणि त्या दिवशी नवं पाणी येत नाही. शिवाय त्या दिवशी नळाचं पाणी ओढणारे गल्लीतले सगळे टुल्लू पंप मुके असतात. बाकीच्या दिवशी चार तरी पंप सतत गुरगुरत असतात.

आमच्याकडे या सगळ्याला इको म्हणतात. लाउडस्पीकरवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे. रिव्हर्ब हा शब्द मायाने गल्लीत आणला आणि लोकांना तो पाठ होईपर्यंत भांडली. इको म्हणजे तुमचा शब्द तुम्हाला परत मिळतो, वेगळा, मोजता येईल असा. रिव्हर्बमध्ये शब्द परत येत नाही. भिंतींवरून हजार ठिकाणांहून तो इतका लगोलग येतो की त्याची फक्त शेपटी उरते, आणि त्या शेपटीवरून कानाला कळतं की माणूस कुठं उभा आहे. न्हाणीत, हॉलमध्ये की विहिरीत.

ही भांडखोर बाई अशी तयार कशी झाली, ते सांगतो. तिच्या मामाचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथं वायरी गुंडाळायची. जयंतीच्या कार्यक्रमांना मामाचे ऑपरेटर इकोचं बटन शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे. मोठा आवाज, मोठा माणूस, असा हिशेब. गाणाऱ्याने एक ओळ म्हटली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. ढोलकीचे तर नुसते ढिगारे. एका वर्षी, माया एकोणीस वर्षांची असेल, ती सरळ स्टेजमागे चढली आणि बटन शून्यावर आणलं. तीन हजार लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा गाण्यातले शब्द ऐकू आले. ऑपरेटर अंगावर धावून आला. बाईच्या जातीने मशीनला हात लावायचा नाही, असं म्हणाला. माया बटनावर हात ठेवून तशीच उभी राहिली, कार्यक्रम संपेपर्यंत. मी तेव्हा स्टेजवर पेटी वाजवत होतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

तेव्हापासून मी तिच्यासोबत पेटी वाजवतो. पोस्टातून निवृत्त झालो, पण तिथून नाही. आणि इतक्या वर्षांत माझ्या पेटीला तिने टाकी एकदाही दिली नाही. विचारलं तर म्हणते, "जितूभाऊ, तुमची पेटी तशीच लय बोलते. तिले अजून जागा देऊ काय?"

रिव्हर्बचा तिला नाद आहे, नाद म्हणजे व्यसन. मामाच्या एका मोडक्या अँप्लिफायरमधून तिने स्प्रिंगांची डबी काढून ठेवली आहे. दोन बारीक स्प्रिंगांमधून आवाज थरथरत जातो आणि थोडा कथलासारखा होऊन बाहेर येतो. गिटारला फार गोड लागतो, आणि डबीला चुकून धक्का लागला तर वीज पडल्यासारखा धडाका होतो. मागच्या खोलीत तिने सहा फुटी पोलादी पत्रा चौकटीत टांगला आहे. त्याला आवाजाने थरथरवायचं आणि दुसऱ्या बाजूने ती थरथर टिपायची. गळ्यावर हा पत्रा चढला की आवाज रेशमी होतो. आणि जागा जमवायचा तर तिला छंदच लागला. रिकाम्या जागेत फुगा फोडायचा, त्याचा आवाज टिपायचा, मग कॉम्प्युटर त्या जागेचा रिव्हर्ब कोणत्याही गाण्याला देऊ शकतो. कन्हानच्या पुलाखाली आम्ही फुगे फोडले आहेत. सावनेरच्या एका बंद जिनिंगच्या गोदामात फोडले, तेव्हा चौकीदार काठी घेऊन आला. साठीतला माणूस हातात लाल फुगा घेऊन काय करतोय, हे त्याला मी काय सांगणार होतो? मायानेच सांगितलं, "तुमच्या गोदामाचा आवाज घेऊन राहिलो, काका. कापूस नाही नेत."

आता देवकीबाईंकडे येतो.

देवकीबाई मेश्राम, कुही तालुक्यातल्या. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं खेडोपाडी स्वतःची गाणी गाणारी बाई. तिच्या गाण्यांवर दुसऱ्यांनी कॅसेटी काढल्या. एकीत तिचा आवाजही आहे, पण कोरसमध्ये, मागे, इकोत बुडालेला, आणि कव्हरवर नाव भलत्याचंच. मायाने ठरवलं होतं की या अशोक विजयादशमीच्या आधी देवकीबाईंचं एक तरी गाणं तिच्या आवाजात, तिच्या नावावर बाहेर काढायचं. बाईचा श्वास आता कमी पडतो. पुढच्या वर्षी गाता येईल की नाही, कोण सांगणार.

एका ऑनलाइन म्युझिक कंपनीला गाणं आवडलं. कंपनीकडून आर्यन नावाचा मुलगा आला. वागायला नम्र, बुटं दाराबाहेर काढून आत येणारा. मोबाइलवर घेतलेलं कच्चं गाणं त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, गाणं सुपरहिट आहे. फक्त आवाज फाटलाय. मोठा हॉल रिव्हर्ब टाका ना, सगळं लपून जाईल. एकदम ग्रँड वाटेल. आणि मेन लाइन रितिका गाईल. आजीचा आवाज मागे, दुरून, फीलसाठी."

रितिका म्हणजे त्यांची ठरलेली गायिका. गोड गळा आहे, तिचं काही म्हणणं नाही.

"फीलसाठी," माया म्हणाली. तिचा आवाज असा खाली गेला की मी पेटी बंद केली. "गाणं तिचं, अन् ती फीलसाठी?"

"तसं नाही ताई. लोक काय ऐकतात ते पण पाहावं लागते ना."

"शुक्रवारपर्यंत माहा मिक्स देते. देवकीबाई समोर राहील. तो ऐक, मंग हो नाही सांग."

तो कबूल झाला. कंपनीच्या चॅनेलवर लाखो लोक ऐकतात. मायाच्या स्वतःच्या चॅनेलवर आमच्या गल्लीतले लोक आणि थोडे नातेवाईक. काय पणाला लागलं होतं, ते एवढ्यात समजा. बाईचा आवाज समोर जाणार की मागे.

मायाचा भरवसा टाकीवर होता. कॉम्प्युटरमधला हॉल आवाज झाकतो, असं ती म्हणायची, आणि टाकी आवाजाला धरते. बुधवारी शटडाऊन असल्याचं पेपरात आलं आणि तिने कामाचा दिवस ठरवला. रविवारी टाकी संपली, सोमवारी घासली. मंगळवारी सकाळी ती देवकीबाईंना आणायला कुहीच्या बसमध्ये बसली.

इथून पुढची चूक माझी आहे.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. नळाचे कॉक आणि पंपांची बटनं घराबाहेर, गल्लीच्या अंगाला आहेत. पाणी आलं आणि कोणाच्या दाराला कुलूप असलं, तर शेजाऱ्याने त्याचा कॉक उघडायचा आणि पंपाचं बटन दाबायचं. सांगावं लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत. या रीतीवर ही गल्ली जिवंत आहे. मंगळवारी पाणी आलं. मी बनियनवर बाहेर पडलो आणि कुलूप असलेल्या चार घरांचे कॉक उघडले. तिसरं घर मायाचं. टाकी रिकामी का आहे हे मला गल्लीत सगळ्यांहून जास्त माहीत होतं. पण चाळीस वर्षांची सवय हाताला असते, आणि हात डोक्याला विचारत बसत नाही. तीन तासांनी चहा पिताना मला आठवलं. कप तसाच ठेवून धावलो. झाकण उघडलं तर टाकीत कमरेइतकं पाणी, स्वच्छ, तळ दिसणारं.

दुपारी माया देवकीबाईंना घेऊन आली. बाईला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि टाकीचं झाकण उचललं.

"जितूभाऊ."

"हो वं."

"माह्या टाकीत पाणी काहून आहे?"

मी काय सांगणार? खाली मान घालून म्हणालो, "पंप लावतो आताच. तासाभरात नालीत सोडून देतो सगळं."

स्टेजमागच्या त्या ऑपरेटरकडे पाहिलं होतं, तसंच तिने माझ्याकडे पाहिलं. "उद्या गल्लीत थेंब येणार नाही, अन् मी आज चार हजार लिटर नालीत सोडू? लोकं राहू द्या. मीच मले माफ करीन काय?" झाकण तिने हळू ठेवलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी गल्ली शांत होती. एक पंप नाही. देवकीबाई गादीवर मांडी घालून बसल्या, समोर वीतभर अंतरावर माइक. पहिल्याच ओळीला त्या मागे सरकल्या आणि भोंग्यासमोर गातात तसा आवाज लावला. जन्मभर मैदानात गायलेली बाई, तिला काय माहीत.

"मावशी, ओरडू नको," माया हेडफोन काढून म्हणाली. "पलीकडे मैदान नाही. मीच आहे."

देवकीबाई हसल्या. मग त्यांनी सूर खाली आणला आणि गाणं सुरू झालं. छप्पन साली त्या नऊ वर्षांच्या होत्या, बापासोबत गावाहून नागपूरला आल्या होत्या, दीक्षेला. त्या वाटेचं हे गाणं, त्यांनीच बांधलेलं.

बैल सोडले, जू ठेवलं, पायी निघालो गा,
मांगं राहिली चिंच आपली, पुढं निघालो गा.

दातांच्या फटीतून मध्येच एक बारीक शिट्टी. ओळीच्या शेवटी श्वास अपुरा. 'मांगं' म्हणताना घसा खरखरला, आणि त्या खरखरीवर माझी बोटं पेटीवर थांबली. मी दोन पट्ट्या चुकलो. मायाने तरी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.

रेकॉर्डिंग झाल्यावर ती देवकीबाईंना शेजारी घेऊन बसली आणि एकेक करून ऐकवायला लागली. टाकी नव्हती, म्हणून बाकी सगळं. आधी आर्यनला हवा होता तो मोठा हॉल. बाईचा आवाज उंच छताखाली गेल्यासारखा झाला, खरखर गेली, शिट्टी गेली.

"हे कुठी हाये?" देवकीबाईंनी विचारलं.

"मोठ्या हॉलात, मावशी."

"लोकं कुठी बसले? मले तं कोणाचं तोंड दिसून नाही राहिलं."

मग पत्रा. पत्र्यावर आवाज लखलखीत झाला. "हे चांगलं हाये," बाई म्हणाल्या, "लगनाच्या शालूवानी. पण ही मी नोहोय." स्प्रिंगची डबी लावल्यावर त्या खळखळून हसल्या, "हा तं जत्रेतला भोंगा हाये." मायाही हसली. अशी मजा चालली होती. मग मायाने, तिला आवडतं म्हणून, सावनेरच्या गोदामाचा रिव्हर्ब लावला. लांबलचक, रिकामा. आवाज दूर गेला, दुरून गोल होऊन आला. मला विचाराल तर फार सुंदर वाटत होता.

देवकीबाईंचा चेहरा उतरला. "बंद कर ते," त्या म्हणाल्या.

मायाने बंद केलं.

"दीक्षेच्या आंधीची गोष्ट हाये," बाई म्हणाल्या. "गावात मोठ्या घरी लगन राह्यलं का माह्या बापाले बलावत. तो वाजवे, मी गावो. मी लहान, आवाज तेज. मंडप त्याहीच्या आंगणात, अन् आमाले उभं करत चिंचेखाली, आंगणाच्या भाईर. मी मोजली होती पावलं. चाळीस. आत लोकं जेवत, माहं गाणं आइकत. म्हणत, पोरीचा आवाज दुरून लय गोड लागते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. रडत नव्हत्या, घाम होता. "आवाज आत जाये, मी नाही जावो. दीक्षा घेतली अन् बापानं ते वाजवणं फेकून देल्लं. तूनं आता मले तिथीच नेऊन उभी केली, पोरी."

मी मायाकडे पाहायचं टाळलं. रिव्हर्ब म्हणजे अंतर, हे तिनेच मला शिकवलं होतं. जितका जास्त, तितका माणूस लांब. हजारदा सांगितलं असेल. पण ज्याला लांब ठेवलं होतं तो माणूस ते ऐकताना काय ऐकतो, याचा विचार तिने केला नव्हता, आणि मी तर नाहीच नाही.

मायाने सगळी बटनं शून्यावर आणली. पत्रा बंद, हॉल बंद, गोदाम बंद. फक्त बाईचा कोरडा आवाज. दातातली शिट्टी, ओठ उघडल्याचा बारीक आवाज, अपुरा श्वास, सगळं इतकं जवळ की मला अवघडल्यासारखं झालं. देवकीबाई मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"हे ठेव," त्या म्हणाल्या. "इथी मी आत हाये."

आता खरं सांगतो. मायाला टाकी सोडवत नव्हती. टाकी तिच्या बापाची, तिचा अर्धा जन्म त्यात गेलेला. तिने हळूच म्हटलं, "मावशी, टाकी खाली झाली का थोडंसं देऊ. अगदी थोडंसं. तुले समजणार पण नाही."

"थोडंसं म्हणजे किती पावलं?"

मायाने मशीन बंद केलं आणि बाईच्या जेवणाचं पाहायला उठली.

शटडाऊन एक दिवस वाढला. जलवाहिनीचं काम लांबलं म्हणे. गुरुवारी सकाळी गल्लीतले ड्रम संपले आणि लोक बादल्या घेऊन मायाच्या दारात उभे राहिले, ते भाडेकरू पण, जे तिला डोक्यानं कमी समजत होते. मी टाकीत बादली सोडून सोडून पाणी काढत होतो. माझ्या चुकीची शिक्षा मीच भोगत होतो, आणि लोक मला आशीर्वाद देत होते. संध्याकाळी टाकीचा तळ लागला. मी आत उतरून पुसून काढली, शिडी लावून वर आलो आणि मायाला म्हणालो, "घे. तयार आहे तुही टाकी. उद्या शुक्रवार."

ती टाकीच्या तोंडाशी आली. वाकून आत पाहिलं. "मावशी" अशी एक हाक मारली, आणि टाकीने ती हाक आत खेळवली, खूप वेळ. मग तिने झाकण ओढून बसवलं.

"नाही," ती म्हणाली. "कोरडाच जाईल."

तिने मिक्स केलं ते असं. मागाहून वाजवून घेतलेल्या ढोलकीला छोट्या खोलीचा रिव्हर्ब, जेमतेम, म्हणजे थाप थापेत मिसळू नये. माझ्या पेटीला पत्रा लावून मागे ढकललं. इतक्या वर्षांनी मला रिव्हर्ब मिळाला, तो मला मागे सारायला. तक्रार कुठल्या तोंडाने करणार, पाण्याचा गुन्हा अजून ताजा होता. आणि सगळ्यांच्या पुढे, काहीही न लावता, देवकीबाई.

शुक्रवारी दुपारी आर्यनचा फोन आला. मायाने स्पीकरवर ठेवला.

"ताई, हे तर रॉ आहे. तुम्ही काही टाकलंच नाही."

"टाकलं आहे. ढोलकीले टाकलं, पेटीले टाकलं."

"आजीच्या आवाजाला म्हणतो मी. सगळं दिसून राहिलं ताई, खरखर, श्वास, सगळं. आमचा साउंडवाला म्हणते, हे अनप्रोफेशनल वाटेल. तुम्ही फक्त आवाजाचा ट्रॅक पाठवा, आम्ही हॉल टाकून घेऊ. रितिकाचं पण करून घेऊ. आजीचं नाव देऊ ना खाली."

"खाली," माया म्हणाली.

"लाखो लोक ऐकतील ताई. तुमच्या चॅनेलवर किती ऐकतील?"

"जेवढे ऐकतील तेवढे जवळून ऐकतील. ट्रॅक नाही भेटणार, बाबू. तुले राग नको येऊ देऊ, तू चांगला पोरगा आहे. पण नाही म्हणजे नाही."

तिने फोन ठेवला. मी चहा टाकला. ती म्हणाली, "जितूभाऊ, मी मूर्खपणा केला काय?" मी म्हणालो, केला असेल, पण मागच्या वेळी केला होतास तेव्हा तीन हजार लोकांना शब्द ऐकू आले होते. ती हसली नाही. चहा मात्र पूर्ण प्याली.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर काय गर्दी असते, ते नागपूरवाल्याला सांगायला नको. पुस्तकांचे, मूर्तींचे, गाण्यांचे स्टॉल, आणि प्रत्येक स्टॉलवर भोंगे, प्रत्येक भोंग्यात इको शेवटपर्यंत. गाणं आदल्या रात्रीच मायाने आपल्या चॅनेलवर टाकलं होतं. मायाने आणि मी दुपारी एका कडेला टेबल मांडलं. टेबलावर एक मोबाइल, एक हेडफोन, समोर एक स्टूल. भोंगा नाही. पुठ्ठ्यावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: देवकीबाई मेश्राम यांचं गाणं. बसा आणि ऐका. देवकीबाई पांढऱ्या लुगड्यात बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

पहिला तास कोणी थांबलं नाही. मी चिडलो होतो, पुठ्ठ्यावर, गर्दीवर, भोंग्यांवर. मग सावनेरकडच्या एक म्हाताऱ्या बाई पाय दुखतात म्हणून स्टुलावर टेकल्या. मायाने त्यांच्या कानावर हेडफोन ठेवला. अर्ध्या मिनिटात त्या दचकून मागे वळल्या, मानेजवळ हात नेऊन. कोणीतरी कानापाशी येऊन गातंय असं त्यांना वाटलं. मागे कोणीच नव्हतं. मग त्यांनी बाजूच्या खुर्चीवर पाहिलं. गाणं संपल्यावर त्या उठल्या आणि देवकीबाईंचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यासोबतच्या बायका मग एकेक करून बसायला लागल्या, आणि रांग लागली.

चारच्या सुमारास आर्यन दिसला. कंपनीचा कॅमेरा घेऊन तोही आला होता. पुठ्ठा वाचला, लाजला, आणि रांगेत उभा राहिला, हे मला मान्य करावं लागेल. नंबर आला तेव्हा स्टुलावर बसला. पूर्ण गाणं ऐकलं, 'मांगं राहिली चिंच' या ओळीला त्याने डोळे उघडून देवकीबाईंकडे पाहिलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"चांगलं आहे आजी," तो म्हणाला. "खरंच चांगलं आहे. फक्त आवाज जरासा मागे असता ना..."

"मांगं होती, बाबा," देवकीबाई म्हणाल्या. "लय वर्षं होती. आता तू सरक, लाइन लागली हाये."

तो सरकला. पुढची बाई स्टुलावर बसली.